सावली : सर्व उल्लेख

महापेच्या पाचव्या मजल्यावर माझं काम एवढंच :
कुठेही कोणी 'सावली' म्हणालं
की मला कळलं पाहिजे.

आमचे पंखे. छताचे, भिंतीचे, टेबलाचे.
पाती रबाळ्याला कापतात,
आणि त्या पात्यांविषयी लोक जे बोलतात
ते माझ्या पडद्यावर टपटप पडत राहतं.
हिरवं म्हणजे खूश, लाल म्हणजे चिडलेला,
करडं म्हणजे नुसताच बोलला.
मालकांनी हौसेने नाव ठेवलं.
लोक नावं ठेवतात. मी मोजते.

पण शब्द काही कंपनीने विकत घेतलेला नाही.
दिघ्याहून कोणी लिहितं, थांब्यावर सावली नाही.
ऐरोलीहून : रस्ता रुंद झाला, चिंचेची सावली गेली.
एक मुलगा रात्री दीडला लिहितो,
तुझी सावली झालो असतो तरी चाललं असतं.
एकेकाला उचलून मी बाजूला ठेवते : असंबद्ध.
दिवसाला दोनशेच्या वर.
तो रकाना कोणी उघडत नाही.
मी उघडते, डबा खाताना.

यंत्राला टोमणा कळत नाही.
'वा, काय वारा! मेणबत्तीसुद्धा विझत नाही.'
यंत्र म्हणालं, हिरवं.
'नणंदेला भेट दिलाय. मुद्दाम.'
तेही हिरवं.
देवस्थळी मॅडम म्हणाल्या, मग तू कशाला आहेस?
खरंय. मी त्याचसाठी आहे.
सासरी नऊ वर्षं काढली, ती इथे कामाला येतात.

शेजारच्या कंपनीच्या मोटारी जळाल्या
तो आठवडा आम्ही त्यांचंही नाव ऐकत होतो.
पेढे कोणी वाटले नाहीत,
पण मजल्यावर चालण्यात फरक पडला होता.

वैशाखात कोपरखैरण्याहून,
हरिश्चंद्र नाचणकर :
'सावलीचा पंखा. एकतीस वर्षं झाली. प्रत्येक फेऱ्याला टक् करतो.
घरात बोलणारं आता तेवढंच.'

त्या दिवशी मी रजेवर होते, मुलीच्या दाढेसाठी.
यंत्र म्हणालं, लाल. आवाजाची तक्रार.
यंत्रानेच दिलगिरी व्यक्त केली,
यंत्रानेच घरतला पत्ता पाठवला.
दुपारी घरत शिडी घेऊन गेला,
बेअरिंग बदललं, तेल दिलं, पैसे घेतले नाहीत.
घरत कामाला चोख आहे.

संध्याकाळी नाचणकरांनी पाच तारे दिले.
खाली लिहायला जागा असते,
तिथे काही नाही.

महिन्याच्या बैठकीत ते मोठं करून दाखवलं :
लालाचं हिरवं, सहा तासांत.
टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या.

नंतर जिन्यात घरतला गाठलं.
म्हातारे काय म्हणाले रे?
'चहा घे म्हणाले. मग बराच वेळ वर बघत बसले.
छान झाला म्हणाले.'
आणि जुनं बेअरिंग?
'भंगारात. का, हवं होतं?'

काय सांगणार.
त्या रात्री घरी आमचा पंखा
एकवर ठेवला, मग दोनवर, मग पाचवर.
कुठेच काही वाजत नव्हतं.
नवरा म्हणाला, झोप आता.

आज सकाळी घणसोलीहून :
'सावली हरवली आहे. करडी, डाव्या कानाला चीर.
कोणाला दिसल्यास —'
यंत्र अडलं. तक्रार? कौतुक?
बोट असंबद्धवर गेलं होतं,
तिथेच राहिलं.

घणसोली काही लांब नाही
आणि मांजरांना सेक्टर कळत नाहीत.
जेवणाच्या सुट्टीत खाली उतरले,
जनरेटरच्या मागे, पुठ्ठ्यांच्या ढिगाशी वाकले,
इकडे तिकडे पाहून घेतलं,
आणि हळूच
आमच्याच कंपनीच्या नावाने हाक मारली.